योग शिकवा, पण शिक्षक द्या
(मंडळाच्या सभेत ठरावावर झालेले भाषण)



शाळा-कॉलेजांत योग सक्तीचा करावा, असा ठराव आपल्यापुढे आला आहे. त्यातला ‘सक्तीचा’ हा शब्द काढून ‘प्रशिक्षित शिक्षकाकडून’ असे घालावे, ही आमची दुरुस्ती. योगाला विरोध करायला आम्ही उभे राहिलेलो नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर चहाच्या वेळी गैरसमज व्हायचा!

बडोदेकरांना योग परका नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, 1883 साली इथून जवळच डभोईला जन्मले. बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले, आणि त्या आखाड्याला नाव माणिकरावांच्या गुरूंचे, जुम्मादादांचे. 1924 साली गुण्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. आसन-प्राणायामाने शरीरात काय घडते, ते क्ष-किरण यंत्र लावून तपासले. नुसते ‘विश्वास ठेवा’ न म्हणता मोजून पाहणारा माणूस. जन्मभर खतावण्या जुळवणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना हे पटते.

सक्तीने काय होते? 2007 च्या जानेवारीत मध्य प्रदेश सरकारने शाळांतून सामूहिक सूर्यनमस्कार ठेवले. काही मुस्लिम व ख्रिस्ती संघटनांनी हरकत घेतली, प्रकरण हायकोर्टात गेले आणि सक्ती करता येणार नाही असे कोर्टाने सांगितले. व्यायाम राहिला बाजूला, गाजला तो वादच. 2017 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही पहिली ते आठवी योग सक्तीचा करण्याची मागणी फेटाळली. शाळेत काय शिकवावे हे ठरवणे कोर्टाचे काम नव्हे, असे म्हटले. म्हणजे मागायचे ते सरकारकडेच. मग नीट मागू.

आता हिशेब. वर्गात पन्नास मुले, तास पस्तीस मिनिटांचा. सतरंज्या घालण्या-उचलण्यात दहा मिनिटे गेली, की एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे अर्धे मिनिट. गणिताच्या सरांचा तास मोकळा आहे म्हणून त्यांनाच उभे केले, तर मानेवर भार येणारी आसने कोण सांभाळणार? जेवणाच्या सुट्टीनंतर कपालभाती करवली तर मुलांच्या पोटात ढवळणारच. 21 जूनला मैदानावर फोटो निघतो, तो निघू दे. बाकीच्या वर्षाचे काय?

म्हणून सकाळचा पहिला तास, शिकलेला शिक्षक, त्याच्या पगाराची अंदाजपत्रकात तरतूद, आणि पालकांनी नको म्हटले तर त्या मुलाला दुसरा व्यायाम, एवढे ठरावात असावे. कॉलेजात हजेरीपुरता योग तर नकोच. दुरुस्ती मतास टाकावी, ही अध्यक्षांना विनंती.