दागिना हाताचा, हिशेब वहीचा

कुणी दुपारची भांडी आवरून बसल्या असाल, कुणी बांधावर मोबाइलवर ऐकत असाल. आज आम्ही बोलणार आहोत दागिन्यांबद्दल. सोन्याच्या नाही हं! मोत्याची नथ, ठुशी, तन्मणी, चिंचपेटी आणि संक्रांतीचे हलव्याचे दागिने. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात आमचा दहाजणींचा बचत गट आहे. चार वर्षं आम्ही हे काम करतो आहोत. धंदा सुरू कसा करायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो टिकवायचा कसा, हे आम्हाला आमच्या चुकांनी शिकवलं. तेच आज सांगतो.

पहिल्या वर्षी नवरात्राच्या जत्रेत आम्ही दुकान मांडलं. विक्री झाली १८,६०० रुपयांची. प्रत्येकीच्या हातात १,८६० रुपये पडले. कुणी मुलीला ड्रेस घेतला, कुणी गॅस भरला. मग महिन्याच्या बैठकीत वही उघडली. मालासाठी गटातून घेतलेलं कर्ज तसंच होतं. मणी, मोती, तार यांचे ११,४००, जागाभाडं आणि प्रवासाचे २,३००, पाकिटांचे ६००. एकूण १४,३००. म्हणजे प्रत्येकीने १,४३० परत द्यायचे. उरले किती? ४३०. बावीस दुपारी आम्ही मान खाली घालून बसलो होतो. दुपारी वीस रुपयेसुद्धा पडले नाहीत. आमच्यातली एक वहिनी म्हणाली, "त्यापेक्षा भांगलायला गेले असते." कुणाकडेच उत्तर नव्हतं. ती खरंच बोलत होती.

चूक कुठे होती? आम्ही किंमत शेजारच्या दुकानाकडे बघून लावली होती. तो ६० ला नथ देतो, म्हणून आम्हीही ६०. पण त्याची नथ साच्यातली, आमची हाताने गाठवलेली.

मग आम्ही एकच नथ समोर ठेवली आणि तिचा खर्च लिहून काढला. तार, मोती, खडे ३२ रुपये. पाकीट आणि कार्ड ६. एका नथीला चाळीस मिनिटं लागतात, तासाला ४५ रुपये धरले तर मजुरी ३०. प्रवास, जागाभाडं, पकडी-कात्री यांचा वाटा १२. झाले ८०. म्हणजे ६० ला नथ विकताना आम्ही गिऱ्हाइकाला वर २० रुपये देत होतो! ८० वर २० रुपये गंगाजळीचे. मोडलेला माल, न खपलेला माल, अडीअडचण यासाठी. दुकानदाराला घाऊक १०० आणि जत्रेत आम्ही स्वतः विकली तर १३०.

पुढच्या नवरात्रात नथी आदल्या वर्षीपेक्षा कमी खपल्या, हे लपवत नाही. काही बायका भाव ऐकून पुढे गेल्या. पण कमी नथींत हातात जास्त पडलं, आणि कर्ज पहिल्याच बैठकीत फिटलं. आता विक्रीचा पैसा आला की तो आधी वाटायचा नाही. चार डबे आहेत: माल, खर्च, मजुरी, गंगाजळी. मजुरीच्या डब्यातलंच घरी जातं. गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. धंद्यालाही तीच लागू पडते.

दुसरी गोष्ट मालाची. पुण्याच्या रविवार पेठेत पहिल्यांदा गेलो तेव्हा डोळे दिपले. दिसेल तो रंग घेतला. त्यातले कितीतरी मणी अजून बरणीत आहेत. आता यादी करून जातो आणि एका हंगामापुरतंच आणतो. तार घेताना निकेल नसलेलीच मागतो, कारण निकेलने काही जणींच्या कातडीला खाज सुटते. एका नवरीचं नाक आमच्या नथीने लाल झालं होतं. आम्ही पैसे परत केले आणि माफी मागितली. तिच्या आईने पुढे दोन गिऱ्हाइकं पाठवली. पॉलिशच्या दागिन्याला सोन्याचा म्हणून कधी विकू नका. पावडर, अत्तर आधी, दागिना नंतर, आणि घातल्यावर पुसून कोरड्या पिशवीत ठेवा, एवढं कार्डावर छापा. घाम आणि ओल लागली की पॉलिश काळं पडतं.

काही वाया घालवू नका. तुटलेल्या माळांचे मणी निवडून आम्ही परत वापरतो. प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी शिंपीदादांकडच्या उरलेल्या खणाच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवतो. गिऱ्हाईक ती पिशवीसुद्धा जपून ठेवतं. आणि दुरुस्ती करून द्या. पूर्वी पटवेकरी दारोदार येऊन पोत गाठवून द्यायचे. आता गावात ते दिसत नाहीत. आम्ही तुटलेली माळ दहा-वीस रुपयांत गाठवून देतो. दुरुस्तीला आलेली बाई बऱ्याचदा नवीन काहीतरी बघूनच जाते.

तिसरी गोष्ट वर्षाच्या आखणीची. श्रावणात मंगळागौर, मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. पौषात संक्रांत. पेरणीच्या दिवसांत आम्ही धंदा बंदच ठेवतो, कारण शेत सोडून कुणी नथ करणार नाही आणि कुणी घेणारही नाही. त्या दिवसांत घर चालावं म्हणून मजुरीच्या डब्यातूनच थोडं बाजूला काढतो.

हलव्याच्या दागिन्यांचं गणित वेगळं. नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर ते घालतात, बाळाला बोरन्हाणाला. संक्रांत उलटली की त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून ते ऑर्डरशिवाय करायचे नाहीत, आणि ऑर्डर घेतली की निम्मे पैसे आगाऊ. हलवा दमटला तर सुटतो, मुंग्या लागतात. तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणखी एक सांगतो, ते ध्यानात ठेवा. बाळ दागिना तोंडात घालतं. त्याच्या दागिन्याला टाचणी, तार, गोंद लावायचा नाही. दोऱ्यात पक्कं ओवायचं आणि आईला बजावायचं की बाळाला एकटं सोडू नका.

उधारीचंही ऐका. एका दुकानदाराकडे आम्ही "विकलं की पैसे" म्हणून माल ठेवला. सहा महिन्यांनी तो धूळ खाऊन, काळा पडून परत आला. आता चिठ्ठी केल्याशिवाय माल देत नाही: किती नग, काय भाव, पैसे कधी, न खपलेलं कधी परत. आणि उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही. करून देतो म्हणून कुणी मोठी रक्कम मागितली तर देऊ नका.

आता शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं. भांगलणीचं बोलली होती ती वहिनी. मजुरी नगावर ठरल्यावर ती मागे पडायला लागली. आम्ही चार नथी करू तेवढ्यात तिची एक व्हायची. आम्हाला वाटलं, हिचं मन उडालं. कुणी कुणी टोमणेही मारले. एकदा तिच्या शेजारी बसलो तेव्हा कळलं, तिला मोत्याचं भोकच दिसत नव्हतं. ती बोटाने चाचपून ओवत होती. वय चाळीसच्या पुढे, आणि घरात कुणाला सांगायची चोरी. नजर तपासून घेतली आणि चष्मा केला. आमच्या गंगाजळीतून झालेला तो पहिला खर्च. त्याच बैठकीत ठरलं: जास्त उजेडाचा दिवा, पाठीला टेकू, आणि तासाला एकदा सगळ्यांनी उठायचं. मालाची किंमत आम्ही पैशापैशाने लिहीत होतो, पण डोळे आणि पाठ कुठल्याच रकान्यात नव्हती. आता तो २० रुपयांचा वाटा कुणी घासाघीस करून मागितला तरी आम्ही सोडत नाही.

ती वहिनी आता आमच्यात सगळ्यात बारीक काम करते. भांगलायलाही जाते, पण स्वतःच्या शेतात.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. तुमचा एक दागिना, नाहीतर पापडाचं एक पाकीट मधोमध ठेवा आणि त्याचा खर्च सगळ्याजणींनी मिळून लिहा. मजुरी विसरू नका. आणि लिहिताना शेजारणीला वहीतले आकडे नीट दिसतात का, तेही बघा.

पुन्हा भेटू. नमस्कार.