आग विझविणारी मंडळे आणि आपले मंडळ
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि आयुष्यभर शाळेत मुले शिकविलेली माणसे. तत्त्वचिंतनाचा आव आणणे आम्हास शोभणार नाही. परंतु आगीचा बंब हा मुलांच्या विशेष आवडीचा विषय. त्याची माहिती वर्गात सांगण्याकरिता आम्ही जे वाचन केले, त्यातून आपल्या मंडळाने घ्यावा असा एक बोध आम्हास मिळाला. तोच आज आपल्या सेवेस सादर करीत आहो.

बेंजामिन फ्रँकलिन ह्यांचे नाव विजेच्या प्रयोगांमुळे आपणास परिचित आहे. ते व्यवसायाने मुद्रक असून अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात वृत्तपत्र चालवीत. १७३५ साली त्यांनी त्या पत्रात आगीपासून सावध राहण्याविषयी लिहिले. पेटते निखारे उघड्या फावड्यावरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊ नयेत, ते झाकणाच्या भांड्यातून न्यावेत, अशी त्यातील साधी सूचना आजही कोणा गृहिणीस पटेल. लिहून ते थांबले नाहीत. ७ डिसेंबर १७३६ रोजी त्यांनी व त्यांच्या स्नेह्यांनी 'युनियन फायर कंपनी' स्थापन केली. सभासद सुमारे तीस. वेतन कोणासही नाही.

ह्या मंडळीचे नियम ऐकण्यासारखे आहेत. प्रत्येक सभासदाने ठराविक संख्येच्या चामडी बादल्या सदैव सज्ज ठेवाव्यात. आपल्याकडील पखाल वा मोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांस चामड्यात पाणी कसे राहते हे सांगावयास नको. शिवाय जळत्या घरातील चीजवस्तू बाहेर काढण्याकरिता मजबूत पिशव्या व टोपल्याही बाळगाव्यात. महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावे, संध्याकाळ गप्पागोष्टींत घालवावी आणि आगीसंबंधी ज्यास जे सुचले असेल ते इतरांस सांगावे. सभेस जो गैरहजर राहील त्याने दंड भरावा. ह्या दंडाच्या पैशांतूनच पुढे बंब, शिड्या व आकडे विकत घेतले गेले! आपल्या मंडळात गैरहजेरीबद्दल असा दंड घेतला असता, तर एव्हाना एखादा बंब सहज दाराशी उभा राहिला असता. (हंशा)

विनोद सोडून देऊ. एक मंडळी पाहून दुसरी निघाली, दुसरीवरून तिसरी, आणि अखेर नगरातील बहुतेक मालमत्तावान नागरिक कोणत्या ना कोणत्या मंडळीत सामील झाले. स्थापनेनंतर सुमारे पन्नास वर्षांनी फ्रँकलिन ह्यांनी आत्मचरित्रात नमूद केले की, मूळ सभासदांपैकी आता आपण व आपणाहून वर्षाने वडील असे एक गृहस्थ एवढेच हयात आहो. पण मंडळी मात्र चालू आहे. संस्था म्हणतात ती हीच. माणसे जातात, नियम व कर्तव्य मागे राहते.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात त्याच फिलाडेल्फियात अशा मंडळ्या पुष्कळ झाल्या आणि प्रत्येकीस स्वतःच्या नावाचा अभिमान चढला. आगीशी प्रथम कोण पोहोचतो आणि पाण्याचा नळ कोणाच्या हाती येतो, ह्यावरून भर रस्त्यात मारामाऱ्या होऊ लागल्या. घर तिकडे जळत आहे आणि विझविणारे इकडे परस्परांची डोकी फोडीत आहेत, असा तो प्रकार. अखेर १८७१ साली नगरपालिकेने पगारी दल उभारले. ज्या सेवेचा आरंभ शेजारधर्मातून झाला, ती त्या नगरात अशी दुरभिमानाने बुडाली. मात्र अमेरिकेतील लहान गावांतून ही परंपरा जिवंत राहिली. आजही त्या देशात आग विझविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण स्वयंसेवक आहेत. कित्येक गावी त्यांची वास्तू हेच गावाचे सभागृह असते आणि बंबाचा खर्च भागविण्याकरिता तेथे जेवणावळी घातल्या जातात.

आता दक्षिण अमेरिकेतील चिली देशाकडे वळू. कारण तेथील उदाहरण आपल्यास अधिक जवळचे आहे. व्हालपाराइसो बंदरात १८५१ साली पहिले स्वयंसेवी दल निघाले. पुढे ८ डिसेंबर १८६३ रोजी सांतियागो ह्या राजधानीत उत्सवाच्या दिवशी एका चर्चमधील आराशीने पेट घेतला. दाराशी गर्दी कोंडली आणि सुमारे दोन हजार जीव गेले. त्यांत स्त्रियाच बहुसंख्य होत्या. त्यानंतर बाराव्या दिवशी तेथील नागरिकांनी आपले दल स्थापिले. आजही त्या देशात आग विझविणारे पगार घेत नाहीत. उलट पदरची वर्गणी भरतात. जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा तेथे स्थायिक झालेल्या समाजांनी आपापल्या स्वतंत्र तुकड्या उभारल्या, आपली भाषा व आपले निशाण जपले. पण घंटा झाली की जर्मन तुकडी जर्मनाचे घर शोधीत बसत नाही. जेथे धूर, तेथे ती जाते.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ हीही एक तुकडीच आहे. आपल्या माणसांनी एकत्र यावे, मुलांस शिष्यवृत्त्या द्याव्यात, ह्यात गैर काहीच नाही. परंतु आपल्या आपत्तिसाहाय्य निधीच्या नियमात 'ज्ञातीतील कुटुंबास' असे शब्द आहेत. उद्या आपल्या कार्यालयामागील वस्तीस आग लागली, तर बेघर झालेल्या मुलास घोंगडी देण्यापूर्वी आपण त्याचे आडनाव विचारणार काय? हे दोन शब्द काढून तेथे 'संकटग्रस्त कुटुंबास' असे घालावे, अशी सूचना आम्ही आजच्या सभेपुढे मांडीत आहो. निधी तुटपुंजा आहे, हा आक्षेप आम्ही जाणतो. त्यावर उत्तर इतकेच की, सर्वांस पुरेल एवढे पाणी एका बादलीत कधीच नसते. म्हणून कोणी बादली घरी ठेवीत नाही.

आणखी दोन गोष्टी. आपल्या कार्यालयात लग्नसराईत शेकडो माणसे जमतात. कापडी मंडप, विजेच्या माळा आणि स्वयंपाकाचे गॅस एकाच छताखाली असतात. अशा वेळी मागील दारास कुलूप व जिन्यात खुर्च्यांची रास असता कामा नये. सांतियागोचे स्मरण ठेवून हे दोन्ही मार्ग नेहमी मोकळे असावेत. दुसरे, १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात दलाच्या अधिकाऱ्यांस पाचारण करून आपल्या तरुणांनी व भगिनींनी प्राथमिक शिक्षण घ्यावे. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

सूचना आपल्यापुढे आहे. तिचा विचार सभेने करावा, एवढीच विनंती.