दोन राजांचे सरदार



एकाच माणसाने दोन राजांकडून जमिनी घ्याव्यात, दोघांनाही निष्ठेची शपथ वाहावी आणि तरीही त्याला कोणी फितूर म्हणू नये, हे आज आम्हांस चमत्कारिक वाटते. बाराव्या-तेराव्या शतकांत इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मात्र हा नित्याचा व्यवहार होता. खुद्द स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड हा इंग्लंडातील हंटिंग्डनचा अर्ल! ११२४ मध्ये गादीवर येताच त्याने सीमेलगतचे ॲनन्डेल रॉबर्ट ब्रूस या नॉर्मन सरदारास दिले. यॉर्कशायरात ब्रूसच्या जमिनी आधीच होत्या. अशा सरदारांच्या शपथेत ‘दुसऱ्या राजाच्या निष्ठेस बाध न येता’ अशी पळवाट ठेवीत. तह टिकेल तोवर तिच्यावर भागे.

११३८ मध्ये ते भागले नाही. पुतणी नव्हे, भाची मटिल्डा हिचा पक्ष घेऊन डेव्हिड यॉर्कशायरावर चालून आला. लढाईपूर्वी म्हातारा ब्रूस त्याच्या छावणीत गेला आणि परत फिरण्याविषयी त्याने परोपरीने विनवले. ही हकीकत लिहिणारा एल्रेड हा पूर्वी डेव्हिडच्याच दरबारी होता आणि पुढे यॉर्कशायरात मठवासी झाला; त्याचे मनही दोन्हीकडे ओढले गेले असावे, असा आमचा तर्क आहे. राजाने ऐकले नाही. तेव्हा ब्रूसने त्याची निष्ठा रीतसर परत केली आणि तो इंग्रजांच्या बाजूने लढला. घराण्याने मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवले : यॉर्कशायर थोरल्या मुलाकडे, ॲनन्डेल धाकट्याकडे. यास कोणी धूर्तपणा म्हणेल. आम्ही त्यास प्रपंच म्हणतो.

पुढे १२१७ ते १२९६ पर्यंत दोन्ही राज्यांत जवळजवळ सलग शांतता नांदली. ती टिकविण्यात या सरदारांचा मोठा वाटा होता. युद्ध झाले तर एका बाजूचे उत्पन्न बुडणार, हे ज्याला ठाऊक, तो तलवार उपसण्याची घाई कशाला करील?

पण पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडवर सार्वभौमत्व सांगितले आणि १२९४ मध्ये तेथील राजा व सरदार यांस फ्रान्सवरील स्वारीत चाकरीस बोलावले. १२९६ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा पुढे राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसचा बाप एडवर्डच्या वतीने कार्लाइलचा किल्ला सांभाळीत होता! मुलगा १३०६ मध्ये स्कॉटलंडचा राजा झाला आणि त्याच्या इंग्लंडातील जमिनी गेल्या. १३१४ मध्ये बॅनकबर्न जिंकल्यावर, नोव्हेंबरात केम्बसकेनेथ येथील सभेत ठराव झाला : जे आमच्या राजाच्या पदरी आले नाहीत, त्यांचा येथील जमिनींवर हक्क नाही. शतकभर कोणी न विचारलेला प्रश्न आता प्रत्येकाच्या दारी आला.

वारसा गेलेल्यांनी तो निमूटपणे सोडला नाही. १३३२ च्या ऑगस्टमध्ये एडवर्ड बॅलियल त्यांच्यासह समुद्रमार्गे उतरला, डप्लिन येथे त्याने मोठ्या सैन्याचा धुव्वा उडविला आणि राज्याभिषेकही करून घेतला. डिसेंबरात ॲनन येथे रात्री छापा पडला आणि तो कसाबसा इंग्लंडात निसटला. अखेर १३५६ मध्ये त्याने रॉक्सबरो येथे आपला हक्क तिसऱ्या एडवर्डला दिला, आणि त्याची खूण म्हणून स्कॉटलंडची मूठभर माती व दगड त्याच्या हाती ठेवले. मोबदला ठरला वर्षाला २,००० पौंड.