रक्ताबरोबर येणारे लोह



थॅलसीमिया झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. पण रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह अंगात जाते, आणि जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात साठते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तरालाही ते इजा करते. मग कोवळ्या वयातच त्या ताठर होऊ लागतात.

यावर उपाय आहे. १९६० नंतरच्या दशकात डेस्फेरिऑक्सामाइन हे औषध आले. ते छोट्या पंपाने कातडीखाली रात्रभर सोडावे लागते. पुढे डेफेरिप्रोन व डेफेरासिरॉक्स ही पोटात घेण्याची औषधे निघाली. ही औषधे लोहाला धरून लघवीवाटे किंवा शौचावाटे बाहेर नेतात.

अडचण अशी की, औषध चुकले तरी त्या दिवशी काहीच बिघडलेले दिसत नाही. पोर हसते, खेळते. घरात लग्नकार्य असते, परीक्षा असते. मग 'आज राहू दे' असे होते. लोह मात्र साठतच राहते.

म्हणून भगिनींनो, हे औषध रोजच्या दिवाबत्तीसारखे सांभाळा. फेरिटिनची तपासणी वेळच्या वेळी करून घ्या. आणि मूल फिकट दिसते म्हणून कोणी लोहाचे टॉनिक सुचवले, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नका. या मुलांना लोह कमी पडत नाही, ते जास्त झालेले असते.