शेजार आणि सीमा : आयर्लंड व ब्रिटन
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत तुकईथड येथे दिलेले व्याख्यान)



तुकईथडसारख्या गावी आयर्लंडचा विषय कशासाठी, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या मराठी ग्रंथालयांच्या इतिहासविभागात न. चिं. केळकरांचा ‘आयर्लंडचा इतिहास’ असे, आणि तो वाचणारी एक पिढीही असे. त्या पिढीच्या दृष्टीने आयर्लंड म्हणजे एकाच सावकाराच्या कर्जात बुडालेला, पण आपल्याआधी कोर्टाची पायरी चढलेला थोरला भाऊ होता. १९०५ नंतर पुण्या-मुंबईच्या सभांतून घुमलेला ‘बॉयकॉट’ हा शब्द मुळात १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कुळांनी ज्याच्यावर सामाजिक बहिष्कार टाकला, त्या इस्टेटीच्या इंग्रज कारभाऱ्याचे आडनाव होय. ‘होमरूल’ हे नावही तिकडूनच आले. लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीगची स्थापना केली ती २८ एप्रिल १९१६ रोजी. त्याच आठवड्यात, २४ पासून २९ एप्रिलपर्यंत, डब्लिनच्या रस्त्यांवर ईस्टरचा उठाव चालू होता. लोकमान्यांच्या लीगच्या कार्यक्षेत्रात मध्यप्रांत आणि वऱ्हाड होते. म्हणजे हा निमाडचा मुलूखही त्यात येत होता.

त्या पिढीने पाहिलेले आयर्लंड झगडणारे होते. झगडा संपल्यावर त्या दोन राष्ट्रांचे काय झाले, याकडे मराठी वाचकाचे लक्ष फारसे गेले नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे १९३७ च्या आयरिश घटनेवरून घेतली एवढे शाळेत शिकवले गेले, आणि विषय मिटला.

तो मिटण्याजोगा नव्हता, कारण आयर्लंडची फाळणी आपल्या फाळणीच्या सव्वीस वर्षे आधीची आहे. १९२१ मध्ये उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले आणि उरलेल्या सव्वीस परगण्यांचे राज्य डब्लिनहून चालू लागले. मधली रेषा सुमारे पाचशे किलोमीटर लांबीची. परगण्यांच्या जुन्या हद्दी होत्या, त्याच रातोरात दोन राज्यांच्या हद्दी ठरल्या. कुठे शेत एका बाजूस आणि गोठा दुसऱ्या बाजूस, कुठे एकच रस्ता पाच-सात मैलांत चार वेळा हद्द ओलांडणारा. ही रेषा सुधारण्यासाठी १९२४ मध्ये सीमा आयोग बसला. १९२५ च्या नोव्हेंबरात त्याच्या शिफारशी एका लंडनच्या वृत्तपत्रात फुटल्या, गहजब झाला, आणि डिसेंबरात उभय पक्षांनी रेषा होती तशीच ठेवून अहवाल गुंडाळला. तो प्रसिद्ध झाला १९६९ मध्ये! महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि बेळगावचा प्रश्न ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सीमा आयोग या संस्थेविषयी अधिक काही सांगण्याची गरज नाही.

या गावाला तर सीमा म्हणजे काय हे पुस्तकात वाचावे लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी निमाड आणि वऱ्हाड यांचा कारभार नागपूरहूनच चालत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिला, आणि तुकईथड सरहद्दीवरचे गाव झाले. घराघरांतील सोयरिकी मात्र कोणत्याही राजपत्राला विचारून झालेल्या नव्हत्या. अर्थात ही तुलना येथेच थांबवली पाहिजे. आपल्या या रेषेवर रक्त सांडले नाही. तिकडच्या रेषेपायी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. हिंदुस्थानचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन त्यांपैकीच एक. ज्यांच्या कारकिर्दीत पंजाब आणि बंगाल चिरले गेले, ते २७ ऑगस्ट १९७९ रोजी दुसऱ्याच एका फाळणीच्या वैरातून, आयर्लंडच्या किनाऱ्यावर आपल्या नौकेत स्फोटाने ठार झाले.

एवढे होऊनही या दोन लोकांमधला एक धागा कधी तुटला नाही. १८ एप्रिल १९४९ रोजी आयर्लंडने प्रजासत्ताक होऊन राष्ट्रकुल सोडले. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनला असा तोडगा निघाला, की प्रजासत्ताक होऊनही भारताला राष्ट्रकुलात राहता यावे. म्हणजे धाकटा भाऊ घरात राहिला आणि थोरला बाहेर पडला. पण बाहेर पडलेल्या आयरिश माणसाला ब्रिटिश कायद्याने त्याच वर्षी ‘परदेशी’ म्हणण्याचे नाकारले. तो ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय राहतो, नोकरी करतो, पार्लमेंटच्या निवडणुकीत मतही देतो. लाखो आयरिश मजुरांनी इंग्लंडचे रस्ते बांधले आणि आयरिश परिचारिकांनी तिथली इस्पितळे चालवली. वैर होते ते सरकारांचे आणि स्मृतींचे. चरितार्थाची वाट मात्र इंग्लंडकडेच जात होती.

याच इस्पितळांपैकी एकात, १९६० च्या दशकात, मुंबईत जन्मलेला आणि सिंधुदुर्गातील मालवण तालुक्याच्या वराड गावचा मूळ रहिवासी असलेल्या घराण्यातला एक मराठी डॉक्टर आणि वॉटरफर्ड परगण्यातली एक आयरिश परिचारिका यांची गाठ पडली. पुढे त्यांनी डब्लिनला संसार थाटला. त्यांचा मुलगा लिओ वराडकर जून २०१७ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आयर्लंडचा पंतप्रधान झाला. मराठी वृत्तपत्रांनी या घटनेचे कौतुक ‘आपला माणूस’ म्हणून केले, ते क्षम्यच होते. परंतु त्या माणसापुढे जे काम वाढून ठेवले होते, त्याची चर्चा आपल्याकडे जितकी व्हावयास हवी होती तितकी झाली नाही.

ते काम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बेलफास्टला करार झाला. उत्तरेतील माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणावे, आयरिश म्हणावे, की दोन्ही म्हणावे, हे त्याने ठरवावे. बहुमताच्या संमतीवाचून उत्तरेचे राज्य बदलू नये. आणि दक्षिणेने आपल्या घटनेतील उत्तरेवरचा हक्क सौम्य करावा, असे त्यात होते. जनमतास टाकल्यावर उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के मते अनुकूल पडली. जकातीची नाकी युरोपच्या सामाईक बाजारपेठेमुळे आधीच गेली होती, आता सैन्याचे मनोरेही उतरले. २०११ च्या मे महिन्यात राणी एलिझाबेथ डब्लिनला आली. ब्रिटनचा राजमुकुट त्या शहरात आला तो बरोबर शंभर वर्षांनी. ब्रिटनविरुद्ध लढून मेलेल्यांच्या स्मृत्युद्यानात तिने पुष्पचक्र वाहून मान लवविली आणि मेजवानीतील भाषणाची सुरुवात आयरिश भाषेतून केली. क्षमा हा शब्द तिने उच्चारला नाही. १९९७ मध्ये जालियनवाला बागेतही तिने पुष्पचक्र वाहिले होते, तेथेही नाही. आयर्लंडने ती लवलेली मान पुरेशी मानली. अमृतसरला ती पुरेशी वाटली नाही. या फरकाचे एक कारण असे दिसते, की डब्लिनच्या आधी तेरा वर्षे एक करार पाळला गेला होता.

या घडीवर २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिटच्या कौलाने घाव घातला. ब्रिटन युरोपीय संघातून निघाले, आयर्लंड आत राहिले. म्हणजे ती विझलेली रेषा पुन्हा जकातीची रेषा होणार! ब्रिटनमधील प्रचारात या गोष्टीचा उल्लेख अगदी ओझरता झाला होता. स्वतः उत्तर आयर्लंडने ५६ टक्क्यांच्या जवळपास मतांनी संघात राहण्याचा कौल दिला होता, पण तो एकूण बेरजेत बुडाला. वराडकरांची भूमिका एकच होती : हद्दीवर नाके बसता कामा नये. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रुसेल्सला युरोपच्या नेत्यांच्या बैठकीत त्यांनी ‘आयरिश टाइम्स’चा अंक दाखविला. त्यात न्यूरी येथील जकातनाक्यावर १९७२ मध्ये झालेल्या स्फोटाची हकिकत होती. नऊ माणसे त्यात मेली होती. लंडनच्या काही वृत्तपत्रांना हा कांगावा वाटला. नाके पुन्हा उभे राहिले तर पहिला दगड आणि मग पहिला बाँब त्याच्यावरच पडेल, हे सरहद्दीवरच्या कोणत्याही आयरिश शेतकऱ्याने सांगितले असते.

१० ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडच्या विरल द्वीपकल्पातील एका हवेलीत वराडकर आणि बोरिस जॉन्सन भेटले, आणि अडलेली गाडी तेथून हलली. तोडगा असा : जमिनीवरची हद्द मोकळी, आणि तपासणी समुद्रात. ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणारा माल बंदरावर पाहावा. त्याच वर्षाच्या अखेरीस वराडकर सहकुटुंब वराडला येऊन गेले. गावाने त्यांचे स्वागत केले.

तोडग्याची किंमत मात्र कोणीतरी चुकती करावी लागते. उत्तरेतील जे लोक स्वतःला अंतर्बाह्य ब्रिटिश मानतात, त्यांना आपल्याच देशातून येणारा माल तपासून घ्यावा लागणे हा अपमान वाटला, आणि त्यांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. त्यांच्या प्रमुख पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे प्रांतिक सरकारवर बहिष्कार टाकला. मेयोच्या कुळांचा शब्द असा उलट्या गोटात गेला. २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर समझोत्याने तपासणी सैल केली. त्या दिवशी ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक होते आणि आयर्लंडचे, दुसऱ्या खेपेस, वराडकर. लोकमान्यांच्या पिढीतील कोणाला हे सांगितले असते तर त्याने सांगणाऱ्याकडे काळजीने पाहिले असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रांतिक सरकार पुन्हा बसले आणि त्याचे प्रथम मंत्रिपद प्रथमच एका आयरिश राष्ट्रवादी पक्षाकडे, मिशेल ओनील यांच्याकडे आले. वराडकर त्याच वर्षीच्या एप्रिलात पायउतार झाले.

ती पाचशे किलोमीटरची रेषा आजही आहे. न्यूरीजवळून डब्लिनचा महामार्ग ती ओलांडतो तेथे शिपाई नाही, फाटक नाही, कारकून नाही. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दक्षिणेत पिवळी होते, आणि वेगमर्यादेचा आकडा मैलांऐवजी किलोमीटरमध्ये लिहिलेला दिसतो.