पेरणीआधीचे भागीदार



२०२३ सालच्या फेब्रुवारीत एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला. आपण सर्वांनी ती बातमी वाचली, हळहळलो, आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याशी घासाघीस करायला पुन्हा उभे राहिलो. आमच्या मनात दुष्टावा होता असे नव्हे. शेतकऱ्याच्या नुकसानीत वाटेकरी होण्याची काही रीतच आम्हांला ठाऊक नव्हती. अशी एक रीत अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात रुजली आहे. तिची हकीकत आज आपणांपुढे ठेवायची आहे.

त्या राज्याच्या पश्चिमेस बर्कशायर नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तेथे साउथ एग्रेमाँट गावी रॉबिन व्हॅन एन या बाईंचे ‘इंडियन लाइन’ नावाचे लहानसे शेत होते. स्वित्झर्लंडमधील प्रयोग पाहून आलेले यान व्हँडर टुइन त्यांना भेटले. १९८५ सालच्या शरदऋतूत त्यांनी प्रथम सफरचंदांचे भाग विकले आणि १९८६ पासून भाजीपाल्याचे. याच्याही आधी, १९७१ पासून जपानात ‘तेइकेई’ म्हणजे परस्पर सहयोग या नावाने शेतकरी व शहरातील गृहिणी एकत्र येऊ लागल्या होत्या. तेथील अग्रणी इचिराकू तेरुओ हे सहकारी चळवळीतलेच गृहस्थ.

हिशेब अगदी साधा आहे. थंडीच्या दिवसांत शेतकरी सालाचे अंदाजपत्रक मांडतो. त्यात बियाणे, खत, अवजारे, जमिनीचा खंड, मजुरी आणि स्वतःच्या कुटुंबाचा निर्वाह हे सर्व धरतो. त्या रकमेला कुटुंबांच्या संख्येने भागले की एका भागाची किंमत निघते. ती पेरणीआधीच भरायची. मग उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत दर आठवड्याला शेतात जे निघेल त्याचे सारखे वाटे पडतात. पीक भरभरून आले तर टोपली जड आणि बुडाले तर हलकी. मात्र दिलेले पैसे परत मागायचे नाहीत.

आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचे भाग शेतकरी घेतो. तेथे शेताचे भाग खाणारा घेतो, हा फरक ध्यानात ठेवावा. पेरणीसाठी सावकाराचे किंवा बँकेचे तोंड पाहण्याची पाळी शेतकऱ्यावर कमी येते, आणि भाव पडला म्हणून माल रस्त्यावर ओतावा लागत नाही.

या कराराची कसोटी लागली ती २००९ साली. त्या पावसाळी उन्हाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात टोमॅटोवर करपा पडला. आयर्लंडात १८४५ नंतर बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ आणणारा रोग तो हाच. उभे मळे काळे पडले. जो शेतकरी केवळ बाजारासाठी पिकवीत होता, त्याचा तोटा त्याच्या एकट्याच्या माथी बसला. जेथे भागीदार होते, तेथे तो शेकडो घरांत वाटला गेला. कोणाच्या ताटात त्या वर्षी टोमॅटो आला नाही, एवढेच. शेतकऱ्याची जमीन मात्र गहाण पडली नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर पावतीपुस्तक घेऊन उभे राहण्यात आमची वर्षे गेली. दरवेळी कोणी तरी विचारणारच, “भाऊ, या महिन्यात युनियनने माझं काय केलं?” आम्ही सांगत असू, “या महिन्यात काही नाही. ज्या दिवशी तुझ्यावर आरोपपत्र येईल, त्या दिवशी तू एकटा नसशील. त्याची ही वर्गणी आहे.” भागीदार शेतीची रक्कम ही याच जातीची वर्गणी आहे. तिच्याकडे स्वस्त भाजीची योजना म्हणून पाहणारा पहिल्याच हलक्या टोपलीला सोडून जातो. आणि असे सोडून जाणारे तिकडेही पुष्कळ आहेत.

तरीही चळवळ वाढली. २०१५ च्या सरकारी पाहणीत अमेरिकेत अशी ७,३९८ शेते आढळली आणि त्यांची त्या साली या मार्गाने झालेली विक्री २२.६ कोटी डॉलरची होती. रॉबिनबाई १९९७ मध्ये वारल्या. १९९९ मध्ये त्यांच्या शेताची जमीन लोकांच्या भूविश्वस्त संस्थेकडे आली व कसणाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाली. शेत शेतच राहिले.

पण दोन गोष्टी आम्हांला बोलल्याच पाहिजेत. पहिली ही, की पुष्कळ शेतकरी अंदाजपत्रकात स्वतःची मजुरीच कमी धरतात. भागीदार दुरावतील या भयाने ते चौदा तास राबतात आणि आठ तासांचे मांडतात. हा अन्याय प्रेमाने केला तरी अन्यायच. दुसरी गोष्ट अशी, की सालभराची रक्कम आगाऊ भरणे आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याला झेपत नाही. म्हणून कित्येक शेते हप्ते घेतात. आणि २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स सरकारने अन्नसाहाय्य घेणाऱ्या कुटुंबांना शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या भाजीपाल्याच्या पैशांची काही मर्यादेपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. तीत असे भागही बसतात.

येथे आमच्या हाती काही आहे काय? आहे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून घरोघरच्या गटांची एकत्र खरेदी करून दाखवली आहे. कामगारांच्या पतपेढ्या तर गावोगाव आहेत. पतपेढीने पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला रक्कम एकदम द्यावी आणि सभासदाकडून दरमहा पगारातून हप्त्याने घ्यावी. वीस घरे आणि एक शेतकरी, एवढ्यावरही आरंभ होईल. अंदाजपत्रक सर्वांसमोर मांडावे आणि त्यात शेतकऱ्याची व त्याच्या घरच्या बाईची मजुरी पहिल्या ओळीत लिहावी.

आमच्यापैकी बहुतेकांचे आजोबा शेत सोडून कारखान्यात आले. त्या शेताशी आपले नाते आज फक्त भाव करण्यापुरते उरले आहे. ते पुन्हा जोडायचे तर सुगीच्या दिवशी हळहळून भागणार नाही. पेरणीच्या दिवशी आपला वाटा घेऊन बांधावर जावे लागेल.