ज्येष्ठमधाचा काढा आणि चाल्कोन



सूज आणि सांधेदुखी यांवर वनस्पतींतील चाल्कोन नावाची द्रव्ये उपयोगी पडतात काय, असे आपल्यापैकी काहींनी मला विचारले होते. मी रसायनशास्त्रज्ञ नव्हे. डिप्लोमा घेऊन आयुष्यभर रुग्णसेवा केलेली परिचारिका आहे. तेवढ्याच अधिकाराने बोलते.

बेंझिनची दोन वलये आणि त्यांना जोडणारी तीन कार्बनांची साखळी, ही चाल्कोनची रचना. आपल्या कोकणातील पळसाच्या फुलांत ब्युटीन नावाचे चाल्कोन असते, तर ज्येष्ठमधात आयसोलिक्विरिटिजेनिन. प्रयोगशाळेत साधे चाल्कोन करणे फारसे अवघड नाही. ॲसिटोफिनोन आणि कडू बदामाच्या वासाचे बेंझाल्डिहाइड अल्कोहोलमध्ये मिसळून त्यांत कॉस्टिक सोडा घातला, की पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि पिवळे स्फटिक मिळतात. वलयांवरील अणुगट बदलून त्याची नवनवी रूपे घडविता येतात.

पेशीतील एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन सूज आणणाऱ्या द्रव्यांच्या निर्मितीची आज्ञा देते. अनेक चाल्कोने ही आज्ञा रोखतात, असे पेशींवरील व प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्यांची साखळी प्रथिनांतील गंधकाशी जोडली जाते. परंतु याच गुणामुळे ती नको त्या प्रथिनाशीही जोडली जाऊ शकते. जपानमध्ये सोफाल्कोन हे जठराच्या व्रणावरील औषध झाले खरे, पण इतका पल्ला गाठणारी चाल्कोने मोजकीच.

आता माझी चूक सांगते. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखत. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडे, म्हणून मी त्यांना रोज ज्येष्ठमधाचा काढा देऊ लागले. काही आठवड्यांत त्यांचे पाय सुजले, रक्तदाब वाढला, उठून उभे राहण्याचे बळ उरले नाही. तपासणीत रक्तातील पोटॅशियम घटलेले आढळले. “घरी आणखी काय घेतात?” डॉक्टरांनी विचारले. मी मान खाली घातली. हा दोष चाल्कोनचा नव्हता. त्याच मुळीतील ग्लिसिऱ्हायझिनमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते व पोटॅशियम गमावते. काढा बंद केल्यावर सासूबाई सावरल्या. जो प्रश्न मी प्रत्येक रुग्णाला विचारीत असे, तो स्वतःच्या घरात विचारायचा राहिला होता.

मुळी उकळली की तिच्यातील सर्वच द्रव्ये थोडीफार पोटात जातात. त्यांतील एक रेणू वेगळा काढून, मोजून, पारखून घेण्यासाठीच प्रयोगशाळेतील एवढा खटाटोप चालतो. तो पूर्ण होईपर्यंत आपण एवढे तरी करावे : कुपात खोलीमच्या दवाखान्यात जाताना गोळ्यांबरोबर घरच्या काढ्यांची व चूर्णांचीही नावे लिहून न्यावीत. त्यात लाज मानू नये. मी मानली होती.

परमेश्वर आपणां सर्वांस आरोग्य देवो. आमेन.